दोन्हीकडून पिणारी काडी

दहा महिन्यांच्या आरोहीने एकदा तोंड मिटलं की ते उघडून घेणारं माणूस घरात एकच होतं, आणि आंब्याचा हंगाम सुरू झाला की नेमकं त्याच माणसाला मिरजोळ्याच्या कारखान्यात हजर व्हायचं होतं. ते माणूस म्हणजे तिची आई, श्रद्धा. घरात दुसरी होती आजी, मालन. बाप निलेश बोटीवर. बंदराला लागला की फोनच्या पडद्यावर दिसायचा, हसायचा, टाळ्या वाजवायचा. पण पडद्यातून कोणाला पेज भरवता येत नाही.

आजीवर आरोहीचा राग नव्हता. खेळायला, मिरवायला, कोंबड्या बघायला आजी चालायची. फक्त खाणंपिणं आजीच्या हातून नाही. वाटी मालनच्या हातात दिसली की पोरीचे ओठ असे आवळले जायचे की मधे चमचाच काय, केसही शिरला नसता. बळेबळे घातलेला घास ती गालात धरून ठेवायची आणि आई दिसली की तिच्या अंगावर सोडून द्यायची.

श्रद्धा कारखान्यात आमरस आणि आंबापोळीच्या विभागात होती. माल बिघडत असेल तर तो का बिघडतो हे शोधायचं, हे तिचं काम. बाळंतपणाच्या आदल्या वर्षी पुण्याहून एक प्रशिक्षक आले होते. त्यांनी सगळ्यांना गोल बसवून सांगितलं, अडचणीवर डोकं आपटत बसू नका, आधी विचारा, हे कशासारखं आहे? असंच दुसरीकडे कुठे घडतं? तिथे लोक काय करतात? आणि जाताजाता म्हणाले, सारखं दिसतं ते नको, सारखं वागतं ते शोधा. बाकीच्यांनी चहा प्यायला आणि विसरून गेले. श्रद्धाच्या मात्र ते डोक्यात बसलं. पुढे आंबापोळी कापणाऱ्या यंत्राचं पातं चिकटून सारखं बंद पडायला लागलं तेव्हा तिला फणस आठवला. फणस कापताना विळीला खोबरेल लावतात, पण एकदाच लावून भागत नाही, चीक वाढेल तसं पुन्हा पुन्हा लावावं लागतं. तिने पात्याच्या वाटेत तेलात भिजलेली वात बसवायला लावली, म्हणजे पातं वर जाताना दर वेळी तिला पुसून जाईल. यंत्र चालू लागलं. तेव्हापासून कारखान्याचे व्यवस्थापक विनोद सर तिला मान द्यायचे. परवाच त्यांचा फोन आला होता.

"हंगामाला तू हवीस, श्रद्धा. पण जमणार नसेल तर आत्ता सांग. मला दुसरं माणूस बघावं लागेल, आणि मग ते माणूस काढता येणार नाही."

ते चांगल्या शब्दांत बोलले होते, म्हणून ते जास्त लागलं.

घरात मात्र या सवयीची मालन टर उडवायची. दार फुगून घट्ट बसलं, श्रद्धा म्हणाली, हे बरणीच्या झाकणासारखं आहे. नळीतून पाणी थेंबथेंब येऊ लागलं, श्रद्धा म्हणाली, हे नाक चोंदल्यासारखं आहे.

"तुझं गो सगळं कशासारखं तरी असतं," मालन म्हणायची. "जसं आहे तसं काहीच नसतं काय?"

गोळप गावात, घराच्या मागच्या कातळावर, माती आणून टाकलेल्या जागेत, मालनची आंब्याच्या कलमांची रोपवाटिका होती. नवरा गेल्यापासून ती एकटीच चालवायची. बोटं चिकाने काळवंडलेली, तळवे खरखरीत. ती हात साबणाने घासायची, तरी नखांच्या कडेला काळी रेघ राहायचीच.

*

श्रद्धाचं माहेर हर्ण्याचं, बाप होडीवाला. त्यामुळे तिला आधी समुद्रच सुचला.

होडी पाण्यात लोटताना ती वाळूला धरून बसते. किनाऱ्यावरची माणसं ओरडतात, रेटतात, एकदा पाणी पोटाखाली आलं की मग ती आपोआप तरंगते. तेव्हा भरतीची वेळ, म्हणजे भूक लागायची वेळ, साधायची आणि रेटा द्यायचा. श्रद्धाने आरोहीला भूक लागेपर्यंत काही दिलं नाही आणि वाटीसकट आजीच्या मांडीवर ठेवलं. आरोहीने वाटी उडवली. नाचणीचं सत्त्व मालनच्या कपाळावरून नाकावर आलं.

"लागली होडी पाण्याला," मालन म्हणाली आणि तोंड धुवायला गेली.

मग श्रद्धाने गळ आठवला. मासा माणसाच्या हाताला येत नाही, आमिषाला येतो. पोरीला आईचा वास हवा, तर आजीला आईचा वास द्यायचा. तिने आदल्या दिवशीचा आपला न धुतलेला गाऊन मालनपुढे धरला.

"हे मी घालू?"

"थोडा वेळ, आई."

"माझ्या लग्नानंतर मी लुगडं नि साडी सोडून काही घातलेलं नाय."

पण घातलंन. निळा, पिवळ्या फुलांचा, पुढे चेन असलेला गाऊन मालनच्या अंगावर आखूड झाला. ती पडवीत बसली, नातीला घेतलं. आरोहीने छातीत नाक खुपसलं, निवांत झाली, एक हुंकार दिला. मग वर बघितलं. वास आईचा आणि तोंड आजीचं! तिने असा हंबरडा फोडला की कढीपत्ता मागायला आलेली शेजारची गोदाकाकू पायरीवरच थबकली.

"अगो बाय! मालन, हा काय अवतार? माथेरानला फिरायला निघालीस की काय?"

"सुनेनं गळाला लावलंय मला," मालन म्हणाली. "मासा काय लागत नाय."

गोदाकाकू हसत हसत कढीपत्ता न घेताच गेली, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीला कळणार. श्रद्धाला प्रशिक्षकांचं शेवटचं वाक्य आठवलं आणि ती स्वतःवर चिडली. सारखं दिसतं ते नको, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. गाऊन घातल्याने आजी आईसारखी दिसली, आईसारखी वागली नव्हती. पोरीला मात्र फसवलं गेल्याचं कळलं. त्यानंतर काही दिवस ती मालनच्या कडेवर जातानाही आधी तोंड नीट निरखून घ्यायची.

"आता माझं ऐक," मालन म्हणाली. "तुझी होडी झाली, गळ झाला. माझ्या धंद्यातलं बघ. कोय कलम कसं बांधतात? काडी थोरल्या झाडावरून एकदाच कापायची, कोयीच्या रोपावर बसवायची, पट्टी आवळायची नि पाठ फिरवायची. धरलंन की नाय म्हणून सारखी पट्टी सोडून बघणाऱ्याचं कलम मरतं. तू घरात असलीस की ती तुझीच वाट बघणार. तू जा कुठेतरी, दिवसभर."

श्रद्धाला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, नाही म्हणायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. सकाळी पोरीला पाजून ती स्कूटीवर नाचणे गावी मैत्रिणीकडे, दीपालीकडे गेली. दीपालीने पोहे केले, जुने फोटो काढले. श्रद्धा फोटोंकडे बघत राहिली आणि फोन पालथा घालून ठेवला. दुपार व्हायच्या आत तिची कुर्ती दुधाने भिजली. दीपालीने ओढणी आणून दिली.

दुपार कलल्यावर फोन आला. मालन एकच शब्द बोलली.

"ये."

श्रद्धा पोचली तेव्हा आरोही आजीच्या खांद्यावर पडून होती. रडत नव्हती. रडत असती तर बरं वाटलं असतं. ओठ सुकलेले, लंगोट सकाळपासून कोरडा. मालनने पाणी, पेज, साखरपाणी, मध, सगळं करून बघितलं होतं. मध देऊ नये असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते तिला ठाऊक होतं. तोही आरोहीने घेतला नव्हता, हे नशीब, असं मालन स्वतःच म्हणाली. आरोही आईला बिलगली, प्यायली, आणि पिता पिताच झोपली. झोपेतही तिने एक मूठ आईच्या कुर्तीला घट्ट धरून ठेवली होती.

*

संध्याकाळी श्रद्धा पोरीला पाळण्यात ठेवून मागे आली. मालन रोपांना पाणी घालत होती. पाणी घातलेल्या रोपांनाच पुन्हा घालत होती.

"मी उद्या सरांना फोन करते," श्रद्धा म्हणाली. "सांगते, नाही जमत."

मालनने झारी खाली ठेवली. "कलम मेलं की गिऱ्हाईक माझ्याशी भांडायला येतं. इथे कोणी कोणाशी भांडायचं?"

दोघी कातळाच्या कडेला बसल्या. श्रद्धा समोरच्या ओळीतल्या कलमांकडे बघत होती, गेल्या पावसात पांढऱ्या पट्टीने बांधलेल्या, आणि सवयीने तिचं डोकं चालू झालं. बिघडलेला माल समोर आला की ते असंच चालू व्हायचं, तिची इच्छा असो नसो.

"आई, काडी कापल्यावर रोप तिला धरेपर्यंत ती जगते कशावर?"

"अंगातल्या रसावर. नि हवेत ओल लागते. म्हणून पावसातच बांधायचं. आत्ता या कडक उन्हात बांधलंस तर वाळून कोळसा होईल."

"आणि पूर्वी? ही प्लास्टिकची पट्टी नव्हती तेव्हा?"

"तेव्हा भेट कलम बांधायचे." मालनने गोठ्यामागच्या आंब्याकडे बोट केलं. खालच्या फांद्यांवर जागोजाग गाठी आलेल्या होत्या, जुन्या, वरून साल मिटलेल्या. "त्या गाठी बघ. माझ्या सासऱ्यांच्या वेळच्या. तिथून तिथून कलमं सोडवलेली. काडी झाडावरच ठेवायची, कापायची नाय. झाडाला मांडव घालायचा, कुंडीतलं रोप उचलून वर मांडवावर न्यायचं, फांदीच्या अगदी जवळ. दोघांची साल काढायची, उघडी अंगं एकमेकांना भिडवायची नि केळीच्या सोपटाच्या दोरीनं बांधायची. काडी थोरल्या झाडाचंही पिते नि रोपाचंही. दोन्हीकडून पिते, म्हणून मरत नाय. मग धरलंन असं वाटलं की थोरल्या झाडाकडून जराशी खाच. थांबायचं. मग आणखी खोल खाच. थांबायचं. शेवटी तोडायचं. तोवर तिला कळतही नाय की तोडलंन."

श्रद्धा तिच्याकडे बघतच राहिली.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस होय? तू आपली होडी नि गळ. नि एवढी कटकट आता कोण करतं? रोज मांडवावर चढून पाणी घालायचं. कोय कलमात काडी पिशवीत घालून आणली की काम झालं."

"आपण तिन्ही वेळा तिलाच उचलून तुमच्याकडे दिलं," श्रद्धा म्हणाली. ती आता मालनशी बोलत होती की स्वतःशी, सांगता आलं नसतं. "होडीसारखं लोटलं, गळाला लावलं, कापलं. कुंडी वर न्यायची असते. तिने आईला धरून ठेवायचं आणि तुम्ही तिथे यायचं."

"म्हणजे मी मांडवावर चढायचं?"

"हो."

"बरं. पण साल कोण काढणार?" मालनने विचारलं. ती चेष्टा करत नव्हती. "नुसतं टेकवून बांधलं तर वर्ष वर्ष टेकून राहतील, पण एक होणार नाय."

मालननेच सुरुवात केली, झारीच्या दांड्याशी चाळा करत.

"मी वाटी धुवून आणते, ती तू पुन्हा धुतेस. मोरीत, पाठ करून. मला दिसतं."

"मला वाटलं तुम्हाला दिसत नाही."

"आंब्याचा चीक आहे गो तो, विष नव्हे. घासून घासून नखं दुखतात माझी."

श्रद्धाने त्या नखांकडे बघितलं. जे सुचलं ते खरं होतं म्हणून बोलायला जड होतं. ती म्हणाली, "तुम्ही भरवायला लागलात की मी श्वास धरून बसते, आई. तिने खाल्लं तर मला बरं वाटेल की वाईट, ते मलाच कळत नाही."

मालनने मान हलवली. तिला त्याचं नवल वाटलेलं दिसलं नाही.

"नि मला राग येतो," ती म्हणाली. "तोंड मिटलंन की. एवढ्याशा पोरीचा राग. कोणाला सांगणार?"

आत पाळणा हलला. दोघी एकदमच उठल्या, आणि मग श्रद्धा मुद्दाम जरा मागे राहिली.

*

दुसऱ्या दिवशीपासून मांडव पडला तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यालगत, एका चटईवर. आरोही आईच्या मांडीवर, आणि मालन इतकी जवळ की तिघींचे गुडघे लागत होते. आधी भरवणं नव्हतंच. आरोही पीत असायची आणि तिच्या मुठीत आजीचं बोट असायचं. खरखरीत बोट. पोर ते चाचपायची, सोडायची, पुन्हा धरायची. मग वाटी आली. चमचा मालनच्या हातात आणि मालनचा हात श्रद्धाच्या हातात, शाळेत बाई मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेतात तसा. वाटी मालनने धुवून आणलेली असायची आणि ती तशीच वापरली जायची. पहिल्या दिवशी श्रद्धाचं लक्ष मोरीकडे गेलं. मालनने ते पाहिलं आणि चमचा वाटीत बुडवला.

मालनला पोर पायावर आडवी घेऊन भरवायची सवय होती. निलेशला तिने तसंच वाढवलं होतं. आरोहीला आडवं केलं की ती धनुष्यासारखी वाकायची. शेवटी मालनने हट्ट सोडला आणि तिला बसवूनच भरवू लागली.

"भेट कलमात शेवटी रोपाचाही शेंडा खुडतात," ती म्हणाली. "नायतर ते आपलंच वर वाढत बसतं. घे, खुडला माझा शेंडा."

मग खाचा सुरू झाल्या. आधी श्रद्धाने आपला हात मालनच्या हातावरून काढला. मग पाणी आणायला म्हणून उठली आणि लगेच परत आली. मग उठून भांडी लावायला लागली, पोरीला दिसेल अशी. मग न दिसेल पण ऐकू येईल अशी. मध्येच एक दिवस सगळं फिसकटलं. बाहेर पावाच्या गाडीचा भोंगा वाजला, आरोही दचकली, तिने घास थुंकला आणि आईसाठी आकांत केला. श्रद्धा धावत आली.

"खाच खोल गेली," मालन म्हणाली. "दोन दिवस हात लावू नको." आणि दोन दिवस त्या पुन्हा चटईवर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या.

विनोद सरांचा फोन आला तेव्हा श्रद्धा म्हणाली, "सर, शेवटची खाच राहिली आहे." मग ते म्हणाले, "कसली खाच ते विचारत नाही. सोमवारी ये."

शेवटची खाच श्रद्धाने न सांगता घातली. रविवारी आजी नि नात चटईवर जेवायला बसल्या असताना ती पायांचा आवाज न करता मागच्या दाराने बाहेर पडली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, भिंतीला पाठ लावून, उभी राहिली. आतून चमच्याचा आवाज आला, थांबला. आरोहीने आईसाठी हाक मारली, एकदा, मग पुन्हा. श्रद्धाने डोळे मिटून घेतले. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही तेव्हा तिला राहवलं नाही आणि तिने गजांतून आत बघितलं.

आरोहीच्या हातात चमचा होता. तो तिने मालनकडून हिसकावून घेतलेला होता. पेज अर्धी चटईवर सांडलेली, उरलेली चमच्यात, आणि तो चमचा आरोही आजीच्या तोंडाशी नेत होती. मालनने तोंड उघडलं. नको तेवढं मोठं, दाढा दिसाव्यात असं. आरोहीने चमचा आत खुपसला, आजीचं गिळणं नीट बघितलं, खूश झाली, आणि मग तसंच, नको तेवढं मोठं, स्वतःचं तोंड उघडून बसली. मालनने तिला भरवलं. पुन्हा आरोहीची पाळी, पुन्हा मालनची.

कुठल्याही कलमात काडी रोपाला भरवत नाही. हे कशासारखं आहे ते श्रद्धाला सुचलं नाही. तिने शोधलंही नाही. खिडकीखाली तुळशीपाशी ती तशीच बसून राहिली, आतला चमचा वाटीला घासून संपेपर्यंत.

*

सोमवारी कारखान्यात पहिल्या पेट्या उतरल्या होत्या. आमरसाचा वास फाटकापर्यंत आला होता. श्रद्धाने टोपी, हातमोजे घातले, पात्यापाशी जाऊन वात तपासली, ती कोरडी पडली होती, तेल घातलं. जेवणाच्या सुट्टीत घरी फोन केला. कोणी उचलला नाही. पुन्हा केला. तिसऱ्यांदा बोट बटणावर असताना मालनचाच आला.

"काय गो?"

"खाल्लं?"

"खाल्लंन. मऊ भात नि वरण. मलाही भरवलंन, मी जेवून बसले होते तरी. आता झोपलेय."

"रडली?"

"तू गेलीस तेव्हा जरा. मग कोंबड्या बघितल्या."

श्रद्धाला पुढे काही विचारायचं होतं. ते नेमकं काय, हे तिला ठाऊक होतं आणि विचारायची लाजही वाटत होती. माझी आठवण काढली का, असं. ती फोन कानाला लावून गप्प उभी राहिली. मागे यंत्र चालू झालं.

"श्रद्धा," पलीकडून मालन म्हणाली.

"हां, आई?"

"सारखी पट्टी सोडून बघू नको."